प्रचंड हशा

शहापुरातल्या एका भाताच्या व्यापाऱ्याची आई वारली, तेव्हा आमचे संपादक दुखवट्याला गेले आणि जाताना पेन्सिल घेऊन गेले. व्यापाऱ्यालाच त्यांनी विचारलं, "आईंविषयी दोन शब्द?" व्यापारी म्हातारीच्या लांबलेल्या आजारपणानं टेकीला आलेला. तो म्हणाला, "सुटली बिचारी. आणि खरं सांगू, आम्हीपण सुटलो." पुढच्या अंकात निधनवार्तेखाली हे वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं आलं. व्यापारी पाच-सहा भाऊबंद घेऊन छापखान्यावर चाल करून आला. संपादकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "यातला कोणता शब्द तुमचा नाही?"

सगळेच त्याचे होते.

हे माझे पहिले मालक. मी त्यांच्याकडे खिळे जुळवायला होतो. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, हे माझं काम. पानं पायानं चालवायच्या यंत्रावर निघत आणि ते चालवायला एक गडी होता. आम्ही तिघं मिळून शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचं 'लोकमत' घडवत असू, असं संपादक म्हणत. मी त्यांना अण्णा म्हणायचो. सगळेच म्हणायचे.

अण्णा जांभळी पेन्सिल वापरत आणि लिहिण्याआधी तिचं टोक जिभेला लावत. त्यामुळे त्यांचे ओठ बारा महिने जांभळे. नवा माणूस समजे, हे गृहस्थ रानातून जांभळं खाऊन आले. सभेत ते वक्त्याच्या अगदी समोर बसत आणि पडेल तो शब्द टिपत. वक्ता खोकला, तर कंसात 'येथे वक्ते खोकले'. एकदा किन्हवलीच्या सभेत म्हैस शिरली, तर 'येथे सभेत एक म्हैस आली व गेली'. घरीही हाच खाक्या. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "अहो, मी भाजी बरी झालीय म्हटलं की हे विचारतात, 'बरी' की 'चांगली', नक्की काय म्हणालीस? मी आताशा बोलतच नाही."

या सगळ्यामागे एक तत्त्व होतं आणि येईल त्याला ते ऐकवत, तसं मलाही त्यांनी ते पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. "जीभ त्यांची, शाई आमची. जे बोललं गेलं ते छापायचं. गाळणारे आपण कोण आणि घालणारे आपण कोण?" मला ते फार थोर वाटलं. वय बाविशीचं होतं, मॅट्रिक नापास होतो. थोर वाटायला एवढं पुरतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधी तालुका लोकल बोर्डाची निवडणूक आली. मुरबाडकडच्या जागेला दादासाहेब दरवेळी बिनविरोध निवडून येत. भाताची गिरणी त्यांची, जंगलतोडीचा ठेका त्यांचा, कोळशाच्या भट्ट्या त्यांच्या. या वेळी त्यांच्याविरुद्ध चक्क एक ठाकर उभा राहिला. गोमा मास्तर. म्हसा गावाच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्याचा पाडा होता. रोज पायी मुरबाडला येऊन तो फायनल, म्हणजे सातवी, शिकला, पुढं बोर्डाच्या शाळेत मास्तर झाला आणि आता ती नोकरी सोडून बोर्डातच बसायला निघाला होता. त्याचं मागणं तीन गोष्टींचं: पाड्यांना विहिरी, पाड्यांना शाळा आणि ठेकेदारांनी फुकटची वेठ बंद करावी. या तिसऱ्या मागण्याचा रोख कुणावर होता, ते सांगायला नको.

दादासाहेबांची पहिली सभा मुरबाडच्या बाजारात झाली. तासभर ते रस्त्यांवर बोलले, गुरांच्या दवाखान्यावर बोलले. लोक जांभया देत होते. मध्येच त्यांनी एक वाक्य टाकलं. ते ठाकर लोकांना एका जनावराचं नाव घेऊन बोलले. म्हणाले, उद्या हे बोर्डाच्या खुर्चीवर बसेल आणि विचारेल, माझी शेपटी कुठं ठेवू? तो शब्द मी इथं लिहीत नाही. एकदा तो माझ्या हातानं जुळवून झालाय, तेवढं पुरे.

पुढच्या रांगेत त्यांच्याच गिरणीचे दिवाणजी आणि गाडीवान बसले होते. ते हसले. मागच्यांना धड ऐकूही गेलं नाही. दादासाहेब परत रस्त्यांवर आले.

छापखान्यात अण्णांनी मजकूर माझ्यापुढं ठेवला. मथळ्यात तेच वाक्य होतं. माझा हात थांबला.

"अण्णा, हे वर घ्यायचं?"

"बोलले की नाही ते?"

"बोलले. पण तासाभरातलं एक वाक्य."

"तेच तर. एवढा मोठा माणूस किती हलकं बोलतो, हे लोकांना कळू दे. लाज वाटेल त्याला. सगळ्यात मोठा टाइप काढ."

मी काढला. मथळा बसला, पण खालची ओळ एका शब्दानं तोकडी पडत होती. वाक्यापुढं कंसात 'हशा' एवढंच होतं आणि उरलेली जागा बोडकी दिसत होती. अण्णांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "'प्रचंड' घाल. ओळ भरेल."

आयुष्यभर ज्यानं म्हशीलासुद्धा पदरचं विशेषण लावलं नाही, त्या माणसानं हा एक शब्द पदरचा घातला. तोही जागा भरायला. मी घातला. ओळ छान भरली.

तिसऱ्या पानावर अण्णांनी या भाषणाचा निषेध करणारा अग्रलेखही लिहिला होता. लेख फार विद्वत्तेचा होता. त्यात 'मनुष्यत्वाची अवहेलना' होती, 'सार्वजनिक जीवनातील सभ्यतेचा अधःपात' होता आणि एकेक वाक्य अर्ध्या रकान्याचं होतं. तो बारीक टाइपात छापला. माझ्या माहितीत तो दोघांनी वाचला. एक मी, कारण जुळवला. दुसरे अण्णा, कारण मुद्रितं तपासली.

अंक हातोहात संपला. तो पुन्हा छापावा लागला, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडत होतं. कसाऱ्याहून रेल्वेच्या लोकांनी निरोप धाडला, अजून अंक पाठवा. अण्णा हरखले. "बघ, लोकांना किती चीड आलीय!" मी बाजारात गेलो, तर चहाच्या दुकानात एक जण मोठ्यानं मथळा वाचत होता आणि बाकीचे मांड्या थोपटत होते. तिसरं पान भज्यांना लागलं होतं. मी येऊन अण्णांना हे सांगितलं नाही. मालक खूश असताना कोण सांगतं?

त्याच आठवड्यात दादासाहेब स्वतः छापखान्यात आले. अण्णांना वाटलं, आता भांडण. त्यांनी खुर्ची पुढं केली, चष्मा पुसायला घेतला. पण दादासाहेबांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

"छान छापलंत. एक शब्द इकडचा तिकडं नाही."

"मी तुमचा निषेध केलाय, दादासाहेब. तिसऱ्या पानावर."

"हो का? वाचीन, वाचीन," ते म्हणाले. "बरं, रविवारी सरळगावात बोलतोय. तुम्ही पुढं बसा."

सरळगावात मी अण्णांबरोबर होतो. त्या दिवशी दादासाहेब रस्त्यांवर बोललेच नाहीत. सरळ त्या शब्दावर आले आणि तो उच्चारण्याआधी थांबले. अण्णा पेन्सिलीचं टोक जिभेला लावत होते. ते लावून होईपर्यंत दादासाहेब थांबले, मग बोलले. वाक्य संपल्यावर पुन्हा थांबले, पेन्सिल खाली येईपर्यंत.

परतताना अण्णा म्हणाले, "काही म्हण, माणूस वृत्तपत्राचा मान ठेवतो."

असे चार अंक निघाले. चारही संपले.

चौथ्या अंकानंतर गोमा मास्तर आला. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, पायांवर पाड्यापासूनच्या वाटेची धूळ. हातात शाळेच्या वहीचे कागद, सुरेख वळणदार अक्षर. तक्रार करायला आला असेल असं मला वाटलं होतं. त्यानं अदबीनं नमस्कार केला.

"अण्णा, आमची बी सभा झाली म्हशाला. तुमी आला नाय, म्हनून मीच लिवून आनलंय. छापाल का?"

अण्णांनी वाचलं. खरंच मन लावून वाचलं. विहीर किती लांब आहे, उन्हाळ्यात बाया कुठून पाणी आणतात, वेठीला गेलेल्या माणसाचा कोणता हंगाम बुडतो, सगळं नीट मांडलं होतं. दोन ठिकाणी त्यांनी शुद्धलेखनही सुधारलं.

"उत्तम लिहिलंयत मास्तर. पण यात बातमी कुठंय?"

"पानी नाय, ही बातमी नाय?"

"पाणी तर गेल्या वर्षीही नव्हतं." अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. "त्यांनी तुम्हाला एवढं म्हटलं, त्याला तुमचं उत्तर काय? ते द्या. थोडं तिखट द्या."

गोमा मास्तरानं कागदांची घडी घातली.

"म्हंजी मी त्यांना कुत्रा म्हनू? मंग छापाल?"

अण्णांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "छापीन. शब्दशः."

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. जाताना दाराशी थांबून माझ्याकडं वळला. "मी शिकवत व्हतो त्या शाळेत पोरं आता एकमेकाला त्याच नावानं हाक मारतात. आमचीच पोरं. त्यांना वाटतं, छापलंय म्हंजी आपलं खरं नाव तेच आसंल."

अण्णांनी त्याची सभा पाचव्या पानावर चार ओळींत दिली. 'श्री. गोमा यांचेही भाषण झाले' हे वाक्य त्यात होतं. भाषणात काय होतं, ते बसलं नाही.

मग म्हशाची जत्रा आली. पौषातली थंडी, माळावर बैलांच्या रांगा, घोंगड्यांची दुकानं, दोन्ही तालुक्यांतली माणसं. एवढं गिऱ्हाईक पुन्हा कुठं मिळणार म्हणून अण्णांनी जास्तीचे अंक छापले आणि आम्ही दोघं ते बैलगाडीत घालून गेलो. मथळा अर्थात तोच, थोड्या फरकानं. मी गाडीपाशी खाली उभा राहून ओरडून अंक विकत होतो. काय ओरडत होतो? मथळाच. विकायला दुसरं काय ओरडतात?

दुपारी बैलबाजाराच्या कडेला गलका झाला. गोमा मास्तर, त्याची बायको चांगुणा आणि पाड्यावरची सात-आठ माणसं मध आणि टोपल्या घेऊन बसली होती. त्यांच्याभोवती रिंगण झालं होतं. आमच्या गाडीपासून ते हाकेच्या अंतरावर होतं. गिरणीतला एक गाडीवान आमचा अंक उघडून मथळा वाचत होता. वाचून झाला की बाकीचे त्या जनावराचा आवाज काढत. गोमा मास्तर हात जोडून काहीतरी सांगत होता. ऐकू येत नव्हतं.

अण्णा गाडीवर चढले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि लिहू लागले. सवयच ती.

त्या गाडीवानाला वाचन बेताचंच येत होतं. दिसेल ते अक्षर तो लावत चालला होता. मथळा संपला, तो खालच्या ओळीवर आला आणि कंसातलंही त्यानं मोठ्यानं वाचलं, "प्रचंड हशा!" लोकांना तो हुकूमच वाटला. सगळं रिंगण हसलं. मुरबाडच्या बाजारात जो हशा झाला नव्हता, तो म्हशाच्या माळावर झाला. खरोखर प्रचंड.

अण्णांची पेन्सिल थांबली. मी वर पाहिलं. त्यांचे ओठ जांभळे आणि बाकीचा चेहरा पांढराफटक.

पहिला दगड कुणी मारला ते कुणालाच सांगता आलं नाही. तो चांगुणाच्या डाव्या डोळ्यावर बसला. पोलीस शिट्ट्या वाजवत येईपर्यंत टोपल्या तुडवल्या गेल्या होत्या आणि मध मातीत सांडला होता. बैलगाडीतून तिला मुरबाडला आणि पुढं मोटारीनं कल्याणला नेलं. डोळा वाचला नाही.

निवडणूक ठरल्या दिवशी झाली. दादासाहेब निवडून आले.

खटला मुरबाडला चालला. त्यात दादासाहेबांनाही जबाबाला बोलावलं. त्यांनी मॅजिस्ट्रेटपुढं फार शांतपणे सांगितलं, "मी बाजारात एकदा गमतीनं बोललो. ऐकणारे पाच-पन्नास. दोन तालुक्यांत ते पोचवलं या गृहस्थांनी. जीभ माझी असेल साहेब, शाई त्यांची आहे."

अण्णांचं लाडकं वाक्य अण्णांच्याच तोंडावर आलं. मी मान खाली घातली. मग अण्णांना उभं केलं.

"मथळा कोणी दिला?"

"मी."

"भाषणाची सुरुवात या वाक्यानं झाली होती?"

"नाही. मधेच कुठंतरी होतं."

"मग वर का घेतलं?"

सुटायला वाटा पुष्कळ होत्या. वकिलानं त्यांना 'जनजागृती' हा शब्द पढवूनही ठेवला होता. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"आधी मला वाटलं, लाज वाटावी म्हणून," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळेपासून खपावं म्हणून. आणि 'प्रचंड' हा शब्द खोटा आहे. हशा लहान होता. ओळ भरत नव्हती."

मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "कसली ओळ?" ते अण्णांनी समजावून सांगितलं. कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं.

दोन गाडीवानांना दंड झाला. अण्णांना आणि दादासाहेबांना काहीच झालं नाही. कायद्यात त्यांच्यासाठी काही सापडलं नाही. अण्णांनी पुढच्या अंकात पहिल्या पानावर आपली साक्ष छापली. शब्दशः, त्याच मोठ्या टाइपात. सोबत चांगुणाचं नाव, पाडा, कोणता डोळा, जखम केवढी, सगळं दिलं. गिरणीच्या आणि ठेक्याच्या जाहिराती त्याच दिवशी बंद झाल्या. अंक पडून राहिला. चूक कबूल केलेली कुणाला विकत घ्यायची नसते.

पडलेल्या गठ्ठ्यातला एक अंक घेऊन अण्णा मला म्हणाले, "चल, पाड्यावर जाऊ. त्यांना वाचून दाखवायला हवं."

म्हशापासून दीड-दोन तासांची चढण. अण्णांना दम लागत होता, पण ते थांबले नाहीत. गोमा मास्तर घरी नव्हता, लाकडं आणायला गेला होता. नोकरी आधीच सोडलेली, आता बोर्डही गेलेलं. चांगुणा ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होती. डाव्या डोळ्यावर फडक्याची पट्टी. तिनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली, तांब्याभर पाणी दिलं. पाणी देताना तिनं ते सांडू नये म्हणून किती जपून ओतलं, ते मी पाहिलं.

अण्णांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. आपली साक्ष वाचली, कबुली वाचली. मग तिच्याविषयीचा मजकूर आला. ती सुपाचा हात थांबवून ऐकत होती.

"ह्यात माजं नाव हाय?" तिनं विचारलं.

"हो. तुमच्यावर झालेला अन्याय जगाला कळावा म्हणून..."

"मला इचारलं नाय तुमी."

अण्णांनी अंक मिटला. अंकाची घडी त्यांच्या मांडीवर तशीच राहिली.

"नाय, रागं नाय भरत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, शेजारणीशी बोलावं तसा. "पन तुमी त्या दिशी गाडीवर उभं व्हता. मी पायलं तुमाला. तवा दोनी डोळं व्हतं माझं. सगळी खाली आमच्याभवती, आन् तुमी एकलं वर, हातात पेन्सल. मला वाटलं, ह्यो मोठा मानूस दिसतो. ह्यो आता खाली उतरंल."

ज्या माणसाला दोन तालुक्यांतल्या प्रत्येकाचं वाक्य न् वाक्य पाठ होतं, त्याला स्वतःचं एक सापडेना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "उतरायला हवं होतं, बाई."

"हां," ती म्हणाली. मग तिनं मान पूर्ण वळवून मला पाहिलं. डाव्या बाजूचं दिसायला आता तिला तेवढी वळवावी लागत होती. "आन् ह्यो कोन?"

"हा माझ्याकडे खिळे जुळवतो. म्हणजे, छापायची अक्षरं लावतो."

"त्या दिशी गाडीपाशी वरडत व्हता, त्योच ना?"

मला हो म्हणावं लागलं.

तिनं आणखी काही विचारलं नाही. सूप पुन्हा हातात घेतलं आणि तांदूळ पाखडू लागली. आम्ही उठावं की बसावं, हे दोघांनाही कळत नव्हतं. कोंडा उडून अण्णांच्या कोटावर बसत होता. त्यांनी तो झटकला नाही.